रोजच्या जगण्यात तंत्रज्ञानावर किती विसंबून राहावं?

पाकीट बाळगणं सोडून वर्ष झालं, नंबर, पत्ते, औषधांच्या वेळा सगळं फोनमध्येच आहे, यात काही धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी 2020 च्या जूनमधले तीन आठवडे सांगते.

टाळेबंदीमुळे मी मुलाला घेऊन पुण्याहून माहेरी, दिवेआगरजवळच्या गावी येऊन राहिले होते. 3 जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. बाबांनी तीस वर्षं वाढवलेली सुपारी दोन-तीन तासांत आडवी झाली. पण माणसं वाचली, कारण हवामान खात्याने उपग्रहाच्या चित्रांवरून आधीच इशारा दिला होता आणि कच्च्या घरातल्या लोकांना आदल्या दिवशीच शाळेत हलवलं होतं. त्यामुळे तंत्रज्ञानाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही.

वीज गेली ती 22 दिवसांनी आली. मोबाईलची रेंजही गेली. टॉवरलाही वीज लागते, हे तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या बॅटऱ्या काही तास पुरतात, मग जनरेटर. आणि त्याचं डिझेल येणार कुठून, रस्त्यावर जागोजागी आंबा-फणसाची झाडं पडलेली. रेंज नाही म्हणजे यूपीआय नाही. घरात रोख 340 रुपये होते. वाण्याने वहीत नाव लिहून तांदूळ-डाळ दिली, कारण तो बाबांना ओळखत होता. पुण्याच्या आमच्या सोसायटीसमोरच्या दुकानात मला कोणी उधार दिलं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

चौथ्या दिवशी कळलं की टेकडीवर थोडी रेंज येते. शेजारच्या काकांच्या साध्या फोनमध्ये चार्जिंग शिल्लक होतं. मी फोन हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. नवऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता. लहानपणी पाठ केलेला मामाच्या घरचा नंबर आठवत होता, तो बंद होऊनही कितीतरी वर्षं झाली. पुण्यात नवरा चार दिवस आमच्या काळजीत होता आणि मी फोन हातात असून त्याला कळवू शकले नाही.

बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असायचं. गावातल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते एका मडक्यात ठेवलं, ते मडकं मोठ्या मडक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये ओली वाळू. आई दिवसातून तीनदा वाळू भिजवायची.

सगळ्यात वाईट हाल पाण्याचे झाले. विहीर अंगणात, तिच्यात पाणीही, आणि घरात पिण्याला पाणी नाही! मोटर बसवली तेव्हा कप्पी काढून टाकली होती, दोर कधीच कुजला होता. काकांनी त्यांच्याकडची जुनी कप्पी आणि पोहरा आणून दिला. मी पोहरा सोडला तर तो पाण्यावर नुसता तरंगत राहिला. मनगटाला एक झटका देऊन तो तिरका बुडवावा लागतो. आईला तो झटका चाळीस वर्षांनीही आठवत होता, मला मात्र कधी शिकावाच लागला नव्हता.

माझ्या मते खरी गोची इथे आहे. दिवा, पंप, फ्रिज, फोन, पैसे या आपल्याला वेगवेगळ्या सोयी वाटतात. पण सगळ्या एकाच तारेला लटकलेल्या असतात, तार तुटली की सगळ्या एकदम जातात. आणि नवी सोय घरात आली की जुनी आपण अडगळ म्हणून काढून टाकतो. त्यामुळे फोन वापरू नका, असं मी म्हणणार नाही. पण एकेका गोष्टीला विचारून बघा: वीज आणि रेंज दोन्ही नसताना हे काम मी कसं करेन? इन्व्हर्टर किंवा पॉवर बँक हे त्याचं पूर्ण उत्तर नाही, कारण ते फार तर एक-दोन दिवस पुरतात. मी आता घरात आठवडाभर पुरेल इतकी रोकड ठेवते, त्यात सुट्ट्या नोटा जास्त. सात नंबर पाठ केलेत आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घेतलाय. वादळानंतर काकांच्या ट्रान्झिस्टरवर लागणारं आकाशवाणीच आम्हाला बाहेरच्या बातम्या देत होतं.

माहेरी विहिरीवर कप्पी पुन्हा कायमची बसवली आहे. मे महिन्यात गेलो की सकाळचं पिण्याचं पाणी मोटर न लावता मुलगा काढतो. पहिल्या वर्षी त्याचा पोहरा तरंगायचा. आता पहिल्या झटक्यात बुडतो.