टर्मिनल वाचता येत नसेल तर आधी निळा रंग बदला

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली, १४ इंची लॅपटॉप, टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) काळ्या पार्श्वभूमीवर फोल्डरची नावं दिसत नाहीत, लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी, वाचताना डोळे शिणतात, दोन सर्व्हर उघडे असले की कुठल्या खिडकीत काय चाललंय ते कळत नाही आणि मराठी नावाच्या फाइली मोडक्या दिसतात. त्यावर तुम्ही विचारलंय की कोणतं नवीन टर्मिनल टाकू. माझं मत आहे की नवीन काही टाकू नका. उबुंटू २४.०४ सोबत येणाऱ्या ग्नोम टर्मिनलमध्येच यातलं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. एक मराठीचा प्रश्न तेवढा वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो.

फोल्डरच्या निळ्या रंगापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडतात आणि दुरुस्ती मात्र भलत्याच जागी करत बसतात. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा फोल्डरचं नाव दाखवताना टर्मिनलला एवढंच सांगते की 'रंग क्रमांक ४, ठळक'. क्रमांक ४ म्हणजे निळा. पण नेमका कुठला निळा, हे 'एलएस' ठरवत नाही, तुमचं टर्मिनल ठरवतं. असे एकूण १६ रंग असतात, ८ साधे आणि ८ उजळ, आणि त्यांचा तक्ता टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे जतन केलेल्या सेटिंगच्या संचात, असतो. म्हणून 'एलएस'चे रंग बदलायला बॅशच्या (तुमच्या आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या) फाइलीत खटपट करण्यापेक्षा या तक्त्यातला एक चौकोन बदलणं फार सोयीचं. क्रमांक ४ वापरणारा प्रत्येक प्रोग्राम एकदम सुधारतो. व्हिम या एडिटरने पार्श्वभूमी चुकून उजळ धरली की त्यातल्या टिप्पण्याही याच गडद निळ्यात येतात, त्याही वाचता येऊ लागतात. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केल्यावरही फरक टिकतो, कारण तिथूनही फक्त क्रमांकच येतो.

निळाच का दिसत नाही, तर डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात. शुद्ध निळ्याचं काळ्याशी कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर २.४४ भरतं. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीची किमान अपेक्षा ४.५ आहे. म्हणजे तुमच्या नजरेत काही दोष नाही, तो रंगच वाचण्याजोगा नाही.

बदल असा करा. वरच्या तीन रेघांच्या मेनूतून प्रेफरन्सेस उघडा, डावीकडे तुमचं प्रोफाइल निवडा आणि कलर्सच्या टॅबवर जा. सिस्टिम थीमचे रंग वापरण्याची टिकमार्क काढा. खाली रंगांच्या दोन ओळी दिसतील. वरच्या ओळीतला पाचवा चौकोन म्हणजे निळा (क्रमांक शून्यापासून सुरू होतात). त्यावर क्लिक करून टँगो या तयार रंगसंचातला आकाशी निळा द्या, त्याचा हेक्स कोड ७२९एफसीएफ. काळ्यावर याचं गुणोत्तर ७ च्या वर जातं. त्याच टॅबवर ठळक अक्षरं उजळ रंगात दाखवण्याचा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर फोल्डरची नावं खालच्या ओळीतला पाचवा रंग घेतात, म्हणून तोही बघून ठेवा.

सोलराइज्ड नावाची तयार रंगसंगती लावा असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये आणलेली ही रंगसंगती विचारपूर्वक बांधलेली आहे आणि ग्नोम टर्मिनलमध्ये ती तयार मिळते. पण तिच्यात उजळ रंगांच्या बऱ्याच जागा करड्या छटांना दिल्या आहेत, आणि गडद रूपात 'उजळ काळा' हा थेट पार्श्वभूमीचाच रंग आहे. बॅशऐवजी काही जण वापरतात त्या झेडशेलमध्ये पुढचा मजकूर सुचवणारं जे लोकप्रिय प्लगइन आहे, ते मूळ सेटिंगमध्ये नेमका हाच रंग वापरतं. सूचना येते, पण दिसत नाही, आणि माणूस प्लगइन बिघडलं म्हणून ते पुन्हा पुन्हा टाकत बसतो. सोलराइज्ड आवडत असेल तर जरूर वापरा, फक्त काही गायब झालं असं वाटलं की आधी इथे बघा.

फॉन्टबद्दल माझा आग्रह एवढाच की शून्य आणि ओ, एक आणि लहान एल हे एका नजरेत वेगळे दिसले पाहिजेत. डेजाव्हू सान्स मोनो, हॅक, जेटब्रेन्स मोनो, तिन्ही चांगले आहेत. जेटब्रेन्समध्ये लहान अक्षरांची उंची मुद्दाम जास्त ठेवलेली आहे, त्यामुळे १४ इंची स्क्रीनवर मी तोच सुचवेन. उबुंटू मोनो त्याच आकड्याला इतरांपेक्षा बारीक दिसतो, तो ठेवायचा असेल तर आकार वाढवा. आणि जिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे ओळींमधलं अंतर. टेक्स्टच्या टॅबवर सेल स्पेसिंगमध्ये उंची १.० असते, ती १.१५ करा. लांबलचक लॉग वाचताना फॉन्टपेक्षाही याचाच फरक मोठा पडतो. पारदर्शक पार्श्वभूमी ठेवली असेल तर काढून टाका. मागच्या खिडकीत पांढरं पान आलं की वर केलेला सगळा हिशोब वाया जातो.

लॉगच्या ओळी उजवीकडे कापलेल्या दिसतात असंही तुम्ही लिहिलंय. सिस्टिमचे लॉग दाखवणारं 'जर्नलसीटीएल' आपला मजकूर 'लेस' या पानापानाने मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममधून दाखवतं आणि त्याला लांब ओळी न मोडण्याचा पर्याय देऊन ठेवतं. उजव्या बाणाची कळ दाबलीत की उरलेला भाग दिसतो. ओळी मोडूनच हव्या असतील तर 'लेस' चालू असतानाच वजा चिन्ह आणि मोठा एस टाइप करून एंटर दाबा. शोधायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एफ, पण ते टर्मिनलने जपलेल्या जुन्या ओळींच्या साठ्यात शोधतं, आणि तो साठा मुळात १०,००० ओळींचा असतो. आणि टर्मिनल अचानक गोठल्यासारखं वाटलं तर ते बंद करू नका. बहुधा चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं, कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं.

सर्व्हरचं मात्र मनावर घ्या, कारण तिथे प्रश्न सोयीचा नाही, नुकसानीचा आहे. प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळं प्रोफाइल बनवा. कमांडच्या टॅबवर शेलऐवजी स्वतःची आज्ञा चालवण्याचा पर्याय आहे, तिथे त्या सर्व्हरवर लॉगिन करण्याची 'एसएसएच'ची आज्ञा लिहा. आता त्या प्रोफाइलची खिडकी उघडली की थेट तिथेच लॉगिन होतं. मग पार्श्वभूमीचा रंग बदला: चाचणीच्या सर्व्हरला गडद हिरवट, लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरला गडद तांबूस. रंग गडदच ठेवा, म्हणजे अक्षरं वाचता येतात. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञेआधी दिसणाऱ्या मजकुरात, सर्व्हरचं नाव असतं हे खरं, पण घाईत ते वाचलं जात नाही, आणि पुसण्याची आज्ञा घाईतच दिली जाते. त्यात एक भर: बॅश ५.१ पासून, म्हणजे २०२० च्या शेवटापासून, पेस्ट केलेला अनेक ओळींचा मजकूर एंटर दाबेपर्यंत चालत नाही. तुमच्या लॅपटॉपवर हे संरक्षण आहे. जुन्या सर्व्हरवरच्या बॅशमध्ये ते नसेल, तिथे पेस्ट करण्याआधी मजकूर एडिटरमध्ये टाकून बघा.

आता मराठी नावं. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींची जाळी, आणि ग्नोम टर्मिनल प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत वेगळं काढतं. देवनागरीत जोडाक्षर एकत्र घडवावं लागतं, पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी काढावी लागते. या जाळीत ते जमत नाही, म्हणून फॉन्ट कितीही बदलले तरी अक्षरं सुटीच राहतात. एमएलटर्म नावाचं टर्मिनल अनेक भाषांसाठी बनवलेलं आहे आणि त्यात भारतीय लिप्यांचीही सोय आहे, मात्र त्याची मांडणी जुन्या वळणाची आहे आणि रोजच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. फाइली मात्र सुरक्षित आहेत, फक्त दाखवण्यात गडबड आहे. नावाची पहिली एकदोन अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबा, बाकीचं नाव शेल भरतं. आतला मराठी मजकूर वाचायचा असेल तर 'एक्सडीजी-ओपन' आणि पुढे फाइलचं नाव द्या, ती एडिटरमध्ये व्यवस्थित जोडाक्षरांसह उघडेल.