कॅमेऱ्यासमोर बोबडी वळते, मग मीडिया सोडू का?

बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे करिअर समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: मास मीडिया करून पोटापाण्याचं काय? मुलांचा प्रश्न निराळा असतो आणि तो प्रवेश घेऊन वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर येतो. “मॅडम, मला चारचौघांत बोलता येत नाही. मी चुकीच्या कोर्सला आले का?” हा दुसरा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बीड जिल्ह्यातली, पुण्यात पत्रकारितेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. वडील, आप्पा, तिकडे आडत दुकानात मुनीम. दोघं एकत्रच आले. आप्पा खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, “डी.एड. कर म्हणत होतो हिला. ऐकलं न्हाई. आता म्हणती कॉलेजच नको.” (डी.एड. करून भरतीची वाट बघत बसलेली मुलंही माझ्याकडे येतात, पण ते मी तेव्हा बोलले नाही.)

झालं होतं असं. टीव्ही पत्रकारितेच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकानं पीटूसी करायचा होता, म्हणजे माईक धरून कॅमेऱ्याकडे बघत बातमी सांगायची. हिचा विषय पाणीटंचाई. पहिल्याच वाक्यात ‘पाणी’चं ‘पानी’ झालं, मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. तेव्हापासून प्रात्यक्षिकाच्या दिवशी हिचं डोकं दुखायला लागलं. आधी एक तास बुडाला, मग आठवडा.

अशा वेळी मला आधी एकच गोष्ट तपासायची असते: ही भीती आहे की नावड? दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत माणूस काम टाळतो. पण नावड असली की कामाबद्दल विचारलं तरी दोन वाक्यांत विषय संपतो. भीती असली की माणूस त्या कामाबद्दल बोलत सुटतो, फक्त ते करायची वेळ आली की पाय मागे घेतो. म्हणून मी पीटूसीचं बाजूला ठेवलं आणि विचारलं, “बातमी काय होती तुझी?”

मान खाली घालून बसलेली मुलगी सरळ झाली. गावात येणाऱ्या टँकरच्या प्रत्येक खेपेची वहीत नोंद होते आणि पाणी पोचलं म्हणून गावातल्या बायकांच्या सह्या घेतात. सुट्टीत घरी गेली तेव्हा हिनं त्या वहीच्या पानांचे फोटो काढले होते. मोबाईल माझ्यापुढे धरला. एका पानावर नावं सगळी वेगवेगळी, पण प्रत्येक नावातल्या ‘बाई’च्या ‘ई’ला तीच लांब शेपटी. ज्यांची नावं होती त्यांच्या घरी ही जाऊन आली होती. त्यातल्या दोघींना त्या दिवशी टँकर आल्याचंच माहीत नव्हतं.

आप्पांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. “एका हातचं हाय हे. आमच्या दुकानात असं दिसलं तर शेठ वही तिथंच थांबवतील.” लेकीनं हे काम केलंय, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. घरी बोलणं व्हायचं ते मेस, फी आणि हजेरीचं.

मग मी दोघांना एकच सांगितलं. हिला बातमी सापडते, ती तपासताही येते. वर्गात न शिकवता येणारा भाग हाच. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं सरावानं जमतं आणि नाही जमलं तरी डेस्क (म्हणजे आलेल्या बातम्या तपासून नीट करणं), रेडिओ, संशोधन, निर्मिती, व्हिडिओ संपादन ही सगळी कामं कॅमेऱ्याच्या मागेच चालतात. मुंबई विद्यापीठाच्या मास मीडियाच्या ज्या पदवीला अजूनही सगळे बीएमएम म्हणतात (२०१९ पासून ती बीएएमएमसी), तिथेही विद्यार्थी पुढे जाहिरात किंवा पत्रकारितेकडे वळतात. टीव्हीवरचा चेहरा म्हणजे मीडिया, ही समजूत आपल्या घराघरांतल्या टीव्हीनं करून दिली आहे.

आप्पांना पैशाचं स्पष्ट हवं होतं, तेही बोलले. सुरुवातीचे पगार बेताचे असतात. तालुक्याच्या बातमीदाराला बऱ्याच ठिकाणी बातमीबरोबर जाहिराती आणाव्या लागतात आणि हातात पडतं ते कमिशन. हे लपवण्यात अर्थ नाही. पण सबटायटल, जाहिरातींचं मराठी लेखन, संस्था आणि रुग्णालयांचा जनसंपर्क ही कामंही याच शिक्षणावर मिळतात. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची, म्हणजे सरकारी कामांची माहिती माध्यमांना देणाऱ्या अधिकाऱ्याची, पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात आणि त्यासाठी पत्रकारितेचंच शिक्षण लागतं. हे ऐकून आप्पांनी खिशातून डायरी काढली. पुढचं शिक्षण मराठीतून घ्यायचं तर पुण्यात १९६४ पासून चालू असलेला पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, ज्याला सगळे रानडे म्हणतात. अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं, केंद्र आहे.

भीतीवरचं काम अगदी लहान पायऱ्यांनी केलं. आधी खोलीत एकटीनं मोबाईलवर फक्त आवाज रेकॉर्ड करायचा, दुसऱ्या दिवशी ऐकायचा. मग एका मैत्रिणीसमोर. मग कॅमेरा, पण बसून. ‘न’ आणि ‘ण’चा सराव रोज थोडा, कारण बातमी वाचताना प्रमाण उच्चार लागतोच. घरची बोली मात्र सोडू नकोस म्हटलं. त्या बायका हिच्याशी मोकळेपणानं बोलल्या त्या त्याच बोलीमुळे, पुण्याच्या उच्चारांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं असतं.

प्राध्यापकांशी बोलून तिनं सत्राचा प्रकल्प रेडिओवर केला, टँकरच्या वहीवरच. पीटूसीही दिला शेवटी. बरा झाला, फार नाही. अजून तिला कॅमेरा आवडत नाही आणि तो आवडलाच पाहिजे असं मलाही वाटत नाही. सध्या एका दैनिकाच्या डेस्कवर इंटर्नशिप करते आहे.

आप्पांचा मध्ये फोन आला होता, माहिती अधिकाऱ्याचे फॉर्म कधी निघतात म्हणून. मी म्हटलं, आधी पदवी होऊ द्या, त्या पदांना अनुभवही मागतात.