‘पेरोव्हस्काइट या खनिजापासून’?

प्रश्न असा आहे: “‘पेरोव्हस्काइट या खनिजापासून बनवलेला प्रकाशसंवेदक’ असं बातम्यांत वाचलं. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?”

‘खनिजापासून’ तेवढं चुकलं. पेरोव्हस्काइट हे मुळात खनिजच, कॅल्शियम टायटॅनेट. गुस्ताव रोझे यांनी १८३९मध्ये उरल पर्वतातल्या नमुन्यावरून त्याची नोंद केली आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजप्रेमी अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढे त्यातली अणूंची मांडणी इतर असंख्य संयुगांत आढळली आणि नाव त्या मांडणीला चिकटलं. संवेदकातल्या पेरोव्हस्काइटच्या थरात सहसा कॅल्शियम नसतं, टायटॅनियमही नसतं. तिथे बहुधा शिसं आणि आयोडीन किंवा ब्रोमीन यांची प्रयोगशाळेत केलेली संयुगं असतात. खाणीचा संबंध नाही.

तो थर घडताना पाहण्यासारखा असतो. पिवळसर द्रावणाचा थेंब गरगर फिरणाऱ्या काचेवर पसरवतात, मग काच साधारण १०० अंश सेल्सियसला तापवतात, आणि पिवळा थर बघता बघता गडद तपकिरी होतो. दमट हवेत तो हळूहळू परत पिवळा पडतो, कारण लेड आयोडाइड हे शिसं-आयोडीनचं पिवळं संयुग सुटं होतं. या क्षेत्राचं मोठं दुखणं तेच.

म्हणून ‘पेरोव्हस्काइट रचनेच्या पदार्थाचा संवेदक’ लिहावं. अनेकवचनही चालेल, कारण हे एक द्रव्य नव्हेच. आयोडीनच्या जागी ब्रोमीन वाढवत नेलं की शोषला जाणारा प्रकाश लाल टोकाकडून हिरव्या-निळ्याकडे सरकतो. थोडं कथिल मिसळलं तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशापर्यंत मजल जाते.

खरी गफलत मात्र पुढे होते, अशा बातम्यांतल्या ‘अतिसंवेदनशील’ या विशेषणात. प्रकाशाच्या मानाने वीजप्रवाह किती मिळतो, हा एक गुण. किती अंधूक प्रकाश ओळखता येतो, हा दुसरा. दुसरा गुण बराचसा अंधारातल्या प्रवाहावर ठरतो. प्रकाश नसतानाही उपकरणातून थोडा प्रवाह वाहतोच, आणि त्याच्या गोंगाटात अंधूक इशारा बुडतो. या पदार्थांत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, जागचे हलतात, त्यामुळे हा प्रवाह स्थिरही राहत नाही. भरपूर प्रवाह देणारा संवेदक अंधूक उजेडात निकामी ठरू शकतो. ‘अतिसंवेदनशील’ म्हणताना यातलं काय सांगायचंय ते बातमीदाराने उलगडून लिहावं.

क्ष-किरण टिपणाऱ्या संवेदकांच्या बातमीत तर शिशाचा उल्लेख गाळूच नये. शिशासारखे जड अणू ते किरण चांगले अडवतात, म्हणून तर तिथे हे पदार्थ हवे असतात.