प्रत्येक फिगर कसाऱ्यापर्यंत न्यायची नसते

तू लिहिलंयस की तीन वर्षं मिनिएचर, म्हणजे पटावर खेळायच्या छोट्या फिगर, रंगवतोयस, सुरुवातीला हात भराभर सुधारला आणि गेलं वर्षभर गाडी एकाच जागी अडकलीय. ठाण्याला घरी पोचून जेवणं आटोपली की रात्री जेमतेम तासभर मिळतो, आणि तोही हल्ली दुसऱ्यांची कामं बघण्यात जातो. एअरब्रश घेऊ, कोर्स लावू की सगळं विकून टाकू, असं विचारलंयस. माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं यंत्र, आत्ता नको. रात्री अकराला कॉम्प्रेसरची घरघर सुरू केलीस तर खालचे काका वर येतील, ते वेगळंच. पण तुझं घोडं तिथे अडलेलंच नाही. तू दाखवलेले चारही फोटो बघितले. चारहींत फिगर स्क्रीनभर पसरलेली. २८ मिमीची फिगर म्हणजे जेमतेम सुपारीएवढी, तिचा डोळा खसखशीच्या दाण्याहून लहान. तो तू फोनवर लिंबाएवढा करून बघतोस आणि म्हणतोस, तिरळा झाला! वर त्याची तुलना कोणाशी, तर गोल्डन डेमनच्या विजेत्यांशी. ती स्पर्धा १९८७ पासून चाललीय, आणि तिथे उतरणारे लोक एकेका फिगरवर महिनोन् महिने बसतात. तुझी फिगर पटावर खेळायची आहे. फोटो जरूर काढ, पण दुसऱ्या दिवशी, आणि चूक कुठे झाली तेवढं शोधायला. एरवी हात लांब करून जेवढं दिसतं तेवढंच काम खरं धर.

माझी सुरुवात गिरगावातल्या चाळीत, दिवाळीच्या किल्ल्यावर झाली. मावळे दरवर्षी तेच. वर्षभर माळ्यावर पडून त्यांचे रंग उडायचे, मग सहामाही संपली की आम्ही पोरं ते पोस्टर कलरने परत रंगवायचो. किल्ल्यावर अळीव पेरलेले असायचे. सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडलं की बुरुजावरच्या मावळ्याचा फेटा ओघळून त्याच्या मिशीत यायचा. (पोस्टर कलर डिंकात कालवलेला असतो, पाणी लागलं की पुन्हा सुटतो. अॅक्रिलिक एकदा सुकला की पाण्याला दाद देत नाही. हे मला आधी त्या मिशीने शिकवलं, पुस्तकात नंतर वाचलं.) पण किल्ला बघायला येणारी माणसं चार-पाच फुटांवर उभी राहायची. फेटा लाल, मिशी काळी, पाठीला ढाल, एवढं दिसलं की मावळा झाला. संध्याकाळपर्यंत आमचे बारा मावळे उभे असायचे, आणि एकावरही कोणी भिंग धरलं नाही.

राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या कामधंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. कधी बघितल्या नसशील तर जाऊन ये. काचेच्या अलीकडून आधी पागोटं कळतं, मग उभं राहायची ढब, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो, पहिल्या दिवसापासून चेहऱ्यावर जीव टाकतो.

आता हात सुधारायचं. एका वेळी एकच गोष्ट शिक. तू शेवटच्या फिगरवर नवा प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात), नवे रंग आणि चिलखतावर धातूचा आभास, असं सगळं एकदम आणलंस. ती बिघडली तर कशाने बिघडली, हे तुला तरी कसं कळणार?

दिवाळीच्या तोंडावर दादरला गेलास तर मातीचे पाच मावळे आण. माती रंग पिते, म्हणून आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात दे, तो सुकला की प्रायमर. मग पाचांचे फक्त फेटे लाल रंगव. बाकी अंग तसंच राहू दे. लाल हा मुद्दाम सांगतोय, कारण तो भल्याभल्यांना रडवतो. लाल-पिवळ्यातली बरीच रंगद्रव्यं मुळात पारदर्शक असतात, काळ्या प्रायमरवर तीन हात दिले तरी खालचा काळा डोकावत राहतो. म्हणून खाली विटकरी दे आणि त्यावर लालचे दोन पातळ हात. पातळ म्हणजे ताकासारखा. दह्यासारखा नको आणि नुसतं पाणीही नको. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघ, नखावर पसरली तर फिगरवरही पसरेल.

मग पहिल्या फेट्याला नुसता वॉश दे, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग. दुसऱ्याला ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासायचा. तिसऱ्याला लेयर, म्हणजे घडीच्या खाचेत गडद ठेवून उंचवट्याकडे दर हाताला थोडं कमी क्षेत्र घेत उजळ होत जायचं. चौथ्याला तेच, पण वरून अगदी पातळ लालचं ग्लेझ देऊन पायऱ्या पुसून टाकायच्या. पाचव्याला मन मानेल ते कर. उजळ करायला लालमध्ये पांढरा घालू नकोस, फेटा गुलाबी होऊन मावळा वऱ्हाडात निघाल्यासारखा दिसतो. नारिंगी घाल, शेवटच्या कडेला त्वचेच्या रंगाचा एखादा थेंब. सावलीला काळ्याऐवजी किंचित गडद हिरवा मिसळून बघ, लाल मेल्यासारखा दिसत नाही. पाचही ओळीने उभे करून हातभर लांबून बघ. वॉशचा फेटा तुला वाटतो तेवढा वाईट दिसणार नाही, पैज लावतो.

डोळ्यांबद्दल तू वेगळं विचारलंयस, म्हणून सांगतो. डोळे शेवटी करू नकोस. चेहऱ्याच्या त्वचेचा पहिला हात झाला की लगेच कर, म्हणजे चुकलं तर त्वचेच्या रंगाने झाकता येतं. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळं रंगकाम झाल्यावर होते, पण तिथे डोळा रुपयाएवढा आणि हात पिढ्यान् पिढ्या बसलेला. आपण आधी खोबणीत गडद तपकिरीची आडवी रेघ मारायची. त्यावर मळकट पांढऱ्याची तिच्याहून बारीक रेघ, तपकिरीची किनार वर-खाली उरेल अशी. शुभ्र पांढरा अजिबात नको, फिगर भूत बघितल्यासारखी दिसते. बुबुळाचा ठिपका देत बसू नकोस. गडद रंगाची छोटी उभी रेघ ओढ, वरच्या पापणीला टेकलेली. पापणीला टेकली नाही की नजर दचकलेली येते. आधी तो डोळा कर जो तुझ्या हाताला अवघड जातो, मग दुसरा त्याच्याशी जुळव. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. आणि दोन प्रयत्नांत जमलं नाही तर डोळ्यांच्या जागी नुसती गडद सावली ठेव. शिरस्त्राणाखाली कोण बघतंय!

सामानावर फार वेळ घालवत नाही. तीन शून्यांचा ब्रश टाकून दे. त्यात रंग मावतच नाही, टोकावरच सुकतो. १ नंबरचा चांगल्या टोकाचा ब्रश डोळ्यालाही पुरतो. रंग पत्र्याच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही, आणि ब्रश रोज अंगाच्या साबणाने धुवायचा. बाजारात कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश हळूच काढून दाखवला तर घेऊ नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्या ब्रशासाठी मुंगसं मारली जातात. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली रंग पाच मिनिटांत कातडं धरतो, म्हणून चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद अंथरून वेट पॅलेट कर. मेणाचा कागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. पावसाळ्यात स्पंजाला कुबट वास येतो. मी त्याखाली तांब्याचा तुकडा ठेवतो, बुरशी कमी धरते.

पावसाळ्यावरून आठवलं. एका जुलैत, पाऊस जरा उघडलाय म्हणून मी तीन आठवडे खपून केलेल्या घोडेस्वारावर गॅलरीत उभा राहून मॅट वार्निशचा स्प्रे मारला. दहा मिनिटांनी घोडा धुक्यात उभा असल्यासारखा पांढुरका! हवेतली ओल वार्निशमध्ये अडकली होती. बायको म्हणाली, छान बर्फ दाखवलायस. पुढे ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात दिल्यावर बरंचसं धुकं उतरलं, पण पोटाखाली ते अजून आहे. तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्रायमर आणि वार्निश दोन्ही ब्रशनेच. आणि खरं सांगू, तो घोडा मी काढून टाकलेला नाही. कपाटात पुढेच ठेवलाय.

राहिला कंटाळा. तो येतो कारण तू प्रत्येक फिगर शेवटच्या स्टेशनपर्यंत न्यायला बघतोस. मी रंगवायला घेतानाच ठरवतो की ही मुंबईच्या लोकलमधून कुठे उतरणार. दादर म्हणजे मूळ रंग, एक वॉश, बेस (पायाखालची चकती) नीट, संपली. ठाणे म्हणजे त्यावर हायलाइट (उंचवट्यांवरचा उजळ रंग) आणि डोळे. कसारा, लोकलचं पार शेवटचं स्टेशन, म्हणजे जे येतं ते सगळं, वेळेचा हिशोब नाही. फिगर औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवून रंगवतो, त्या बाटलीवर मार्करने स्टेशनचं नाव लिहून ठेवतो. ठरलेलं स्टेशन आलं की उतरवायची, मग मनात कितीही येवो की अजून एक हायलाइट मारू. वर्षाला कसाऱ्याच्या दोन, फार तर तीन. शिकणं मुख्यतः ठाण्याच्या फिगरवर होतं, मजा दादरच्या. आणि एखाद्या रात्री ब्रश धरवत नसेल तर बेसवर वाळू चिकटव, जुन्या फिगरची धूळ झटक, झोप.

तुझ्या दुसऱ्या फोटोतला तो भालेवाला, ज्याला तू चार महिने अर्धवट म्हणतोयस, तो माझ्या हिशोबाने दादरच्या पुढे कधीच गेलाय. त्याच्या बेसच्या कडेला प्रायमर दिसतोय. तिथे काळ्याचा एक हात दे आणि त्याला पटावर उतरव. मग बाटली धुऊन पुढचा चिकटव, आणि आधी स्टेशन लिही.