भांडण झालं की नवरा एकदम गप्प होतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आवाज चढला की ते तोंड मिटून भिंतीकडे बघत बसतात आणि तुम्हाला वाटतं, यांना माझी किंमतच नाही. बहुतेक वेळा तसं नसतं हो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिएटलच्या प्रयोगशाळेत वाद घालणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते मिनिटाला 100च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही. माणूस उसळतो, नाहीतर मिटून जातो. त्यांच्या पाहणीत मिटून जाणाऱ्यांपैकी 85 टक्के पुरुष होते. बाहेरून थंड दिसणारा माणूस आतून चांगलाच धडधडत असतो.

अशा वेळी "अहो, बोला ना काहीतरी!" म्हणून मागे लागू नका. किमान 20 मिनिटं थांबा, शरीर निवायला तेवढी लागतातच. मात्र न सांगता उठून जाणं वेगळं, ते फार लागतं. "जेवणं झाल्यावर बोलू" अशी वेळ ठरवूनच उठायचं. मधल्या वेळात मनातल्या मनात भांडत राहिलात तर ठोके उतरत नाहीत, म्हणून भाजी निवडा, गच्चीत फेऱ्या मारा. आणि वेळ त्यांनी मागितली असेल, तर विषयही नंतर त्यांनीच काढायचा, हे आधीच ठरवून घ्या.