विद्यार्थी नसताना पुणे विद्यापीठातली व्याख्यानं, कार्यक्रम बघता येतात का?

हो, बरेच सगळ्यांसाठी खुले असतात, फक्त आयडी खिशात ठेवा. माझं फेव्हरेट म्हणजे कॅम्पसमधलंच आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, १९८८ साली नारळीकर सरांनी उभं केलेलं (ती स्वतंत्र संस्था आहे, विद्यापीठाचा विभाग नाही, लोक हमखास गल्लत करतात). २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे तुडुंब गर्दी, अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत आणि पोरं त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढत असतात. नाटक-गाण्याची आवड असेल तर ललित कला केंद्रावर लक्ष ठेवा, तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रयोग अगदी जवळून बघायला मिळतात, मला तर मोठ्या थेटरपेक्षा तेच आवडतं. आणि कॅम्पस ४०० एकरांच्या वर आहे, हॉल कुठे ते आधीच विचारून घ्या, नाहीतर शोधण्यातच व्याख्यान संपतं.