वाचक विचारतात : ‘फायर एम्ब्लेम’चे जुने भाग

गणपतीची सुट्टी संपली की या सदराकडे गेमची पत्रं वाढतात. यंदा किनारपट्टीवरच्या बऱ्याच वाचकांनी ‘फायर एम्ब्लेम’ या लढाईच्या डावपेचांच्या व्हिडिओ गेम मालिकेच्या सुरुवातीच्या भागांबद्दल विचारलंय. इंटेलिजंट सिस्टम्सने निन्टेन्डोसाठी १९९० ते १९९९ या काळात या मालिकेचे पाच मोठे भाग काढले. पहिले दोन फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या गेम यंत्रावर आले, पुढचे तीन सुपर फॅमिकॉमवर. पाचांतही घरांचा पट असतो, तुमची चाल झाली की शत्रूची चाल, आणि मेलेला शिपाई सहसा परत येत नाही. आतला हिशेब मात्र दर भागात वेगळा आहे. एका भागात लागलेली सवय दुसऱ्यात तशीच नेली की माणसं मरतात. आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आतेभाऊ गणपतीत मुंबईहून निन्टेन्डोचं स्विच हे गेम यंत्र घेऊन आला. त्यात पहिला भाग इंग्रजीत आहे. मी याआधी ‘एंगेज’ हा मालिकेतला नवा भाग पूर्ण केलाय. इथे कुऱ्हाडवाल्यावर तलवारवाला सोडला तरी काही फायदा दिसत नाही. लेना कितीही जणांना बरं करो, तिची लेव्हल हलत नाही. गेममध्ये बिघाड आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : बिघाड नाही. २० एप्रिल १९९० ला आलेला गेमच तसा आहे. तुमच्याकडे त्याची स्विचवरची इंग्रजी आवृत्ती आहे. ती ४ डिसेंबर २०२० ला विक्रीला आली आणि ३१ मार्च २०२१ नंतर तिची विक्री बंद झाली.

तलवार-कुऱ्हाड-भाला हा त्रिकोण (तलवार कुऱ्हाडीवर भारी, कुऱ्हाड भाल्यावर, भाला तलवारीवर) मालिकेत आला १९९६ मध्ये, चौथ्या भागात. पहिल्या भागात हत्यार निवडताना आधी त्याचं वजन बघायचं. शिपायाच्या स्पीडमधून हत्याराचं वजन सरळ वजा होतं, ताकद कितीही असली तरी त्यात सूट नाही. समजा, स्पीड ८ आहे आणि भाल्याचं वजन ६. लढाईतला वेग उरला २. समोरच्याचा ३ असेल तर तो दोनदा मारणार आणि तुमचा माणूस एकदाच. त्याच शिपायाला २ वजनाची तलवार दिली की वेग होतो ६ आणि दुसरा वार तुमच्याकडे येतो. नव्या भागांत दुसऱ्या वारासाठी चार-पाचाचा फरक लागतो, इथे १ पुरतो. म्हणून एका अंकाची चूकही महाग पडते. वार चुकवण्याचं गणितही याच उरलेल्या वेगावर चालतं. जड हत्यारवाला असा दोन्हीकडून मार खातो.

लेनाबद्दल. या भागात बरं करणारी काठी वापरून अनुभव मिळत नाही. धर्मगुरू वर्गाला तो मिळतो शत्रूचा वार झेलून जिवंत राहिल्यावर. त्यासाठी एकच, कमी ताकदीचा शत्रू शिल्लक ठेवा. त्याच्या एका फेरीत होणारं नुकसान लेनाच्या एचपीच्या (जीवाच्या आकड्याच्या) निम्म्याहून कमी आहे ना, ते मोजा. मग तिला किल्ल्याच्या किंवा जंगलाच्या घरात उभी करा आणि बाकीच्यांना त्याच्या पल्ल्याबाहेर घ्या. जादूगार आसपास असेल तर हा उद्योग करू नका. जादूपासून बचाव करणारा आकडा या भागात जवळजवळ सगळ्यांचा ० असतो आणि लेव्हलसोबत वाढत नाही. त्याच कारणाने चिलखतवाला ड्रॉग भाल्यांसमोर भिंतीसारखा टिकतो आणि ‘फायर’ या साध्या जादूने कोसळतो.

तुम्ही विचारलं नसलं तरी तीन गोष्टी सांगून ठेवतो. वस्तू नुसती देता येते, अदलाबदल होत नाही. घेणाऱ्याकडे रिकामी जागा हवी, म्हणून नायक मार्थची चारही खणं भरू नका. धनुर्धर बरोबर दोन घरांवरच मारतो, शेजारी आलेल्याला उलट वार करू शकत नाही. तिसरी गोष्ट आखाड्याची : तिथे हरलेला माणूस मेला तो मेलाच.

प्रमोशन, म्हणजे वरच्या वर्गात चढवणं, लेव्हल १० पासून करता येतं. त्यात नव्या वर्गाच्या किमान आकड्यापेक्षा जो आकडा कमी असेल तेवढाच वर उचलला जातो. ज्याची वाढ चांगली झाली आहे त्याला लेव्हल २० पर्यंत थांबवून तोटा नाही. ज्याचे आकडे रखडलेत त्याला मात्र १० लाच चढवा, त्याला त्यातून सगळ्यात जास्त मिळतं.

तिसऱ्या चॅप्टरमधल्या नवार या शत्रूला मारू नका. तुमच्या सैन्यातल्या केडाला शत्रूच्या फेरीत त्याच्या पल्ल्याबाहेर ठेवा, आपल्या फेरीत त्याच्या शेजारी नेऊन ‘टॉक’ करा. तो तुमच्या बाजूला येतो.

प्रश्न : दुसऱ्या भागात दुकानं नाहीत, हत्यारं तुटत नाहीत आणि जादू केली की आपलाच जीव कमी होतो. याची सवयच होत नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : हा दुसरा भाग, ‘गायडेन’, मार्च १९९२ मध्ये आला आणि त्यात पहिल्या भागाचे बरेच नियम मोडून काढलेत. इथे काटकसर हत्यारांच्या वापराची करायची नसते, कारण ती झिजत नाहीत. काटकसर जागेची करायची : प्रत्येकाकडे एकच वस्तू राहते. पोलादी तलवार घेतली तर अंगठी नाही, अंगठी घेतली तर ढाल नाही. हातात काही नसलं तरी माणूस आपल्या वर्गाच्या साध्या हत्याराने लढतोच. म्हणून ज्याचा मार आधीच पुरेसा आहे त्याला ढाल किंवा अंगठी द्या आणि चांगलं हत्यार दुबळ्या माणसाकडे ठेवा. नवे खेळाडू नेमकं उलट करतात.

जादूची किंमत एचपीमधून जाते, म्हणून जादूगाराचे दोन आकडे बघायचे : जादूनंतर किती उरेल, आणि उरलेल्यात शत्रूचा एक वार झेपेल का. झेपत नसेल तर त्या फेरीत त्याला मागे ठेवा. जेनीसारख्या धर्मगुरूकडे नॉस्फेराटू हा मंत्र असतो, तो शत्रूचा जीव ओढून स्वतःला भरतो. त्याचा नेम कच्चा आहे, तेव्हा जीव वाचवायला त्याच्यावर विसंबू नका. निवांत शत्रूवर वापरून अनुभव कमवायला मात्र तो उत्तम. सिल्क ही धर्मगुरू ‘वॉर्प’ (माणसाला लांब पाठवणारी जादू) शिकली की लांबच्या नकाशांचा वेळ निम्म्यावर येतो. शत्रूच्या गोटात एकट्याने टिकेल असा माणूस आधी तयार ठेवा, म्हणजे झालं.

इथले धनुर्धर शेजारच्या घरावरही मारतात आणि दोनाहून लांबही पोचतात. पहिल्या भागात धनुर्धराला अंगावर जाऊन संपवायची सवय लागलेली असते, ती इथे अंगाशी येते. राक्षस बोलावणारे मांत्रिक दिसले की बोलावलेल्यांशी झुंजत बसू नका. मांत्रिक जिवंत आहे तोवर नवे येतच राहतात, म्हणून सगळा जोर त्याच्यावर.

या भागाचा नायक आल्म, त्याच्या गावातली ग्रे, टोबिन आणि क्लिफ ही पोरं भाडोत्री तलवारवाला, भालेवाला, घोडेस्वार, धनुर्धर किंवा जादूगार होऊ शकतात. आमचं मत : निदान एकाला भाडोत्री करा. ती वाट ड्रेड फायटर या वरच्या वर्गापर्यंत जाते आणि तिथे लेव्हल १० झाली की तो पुन्हा गावकरी होऊन नव्याने चढू शकतो. असं दुसऱ्या कुठल्या वाटेला नाही.

प्रश्न : तिसऱ्या भागाचं ‘बुक १’ म्हणजे पहिलाच भाग ना? मग परत का खेळायचं?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : कथा तीच, पण पहिल्या भागाचे २५ चॅप्टर इथे २० झालेत. १९९४ च्या या भागात वस्तूंची अदलाबदल होते, काठीने अनुभव मिळतो आणि घोडेस्वार खाली उतरू शकतात. किल्ल्याच्या आत तर उतरावंच लागतं. भालेवाला स्वार उतरला की फक्त तलवार चालवतो, म्हणून आतल्या नकाशाच्या आधी प्रत्येक स्वाराकडे एक तलवार आहे का बघा. ही एक गोष्ट विसरल्यामुळे निम्मं सैन्य रिकाम्या हाताने उभं राहतं. पहिला भाग पूर्ण झाला असेल तर थेट ‘बुक २’ सुरू करा. नर्तकीचा वर्ग मालिकेत पहिल्यांदा येतो तो तिथे.

प्रश्न : चौथा भाग सुरू केलाय. नकाशा संपता संपत नाही. घोडेस्वार पुढे, पायदळ मागे, आणि पैसे भलत्याच माणसाकडे अडकलेत. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एवढा लांब चॅप्टर वाया गेला तर?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : विजेचं आधी. मे १९९६ च्या या भागात प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सेव्ह करता येतं, मात्र कोणालाही हलवण्याआधीच. दोन फाइल आलटून पालटून वापरा, म्हणजे चुकीच्या चालीनंतर सेव्ह झालं तरी एक फेरी मागे जाता येईल. वीज गेली तर जास्तीत जास्त एका फेरीचं नुकसान.

आता नकाशा. प्रस्तावना, १० चॅप्टर आणि शेवट, असे एकूण १२ नकाशे आहेत आणि एकेकात कितीतरी किल्ले. इथले घोडेस्वार वार करून उरलेली चाल चालू शकतात. पुढे जा, मारा, मागे या, अशी सगळी रचना त्यांच्यासाठी आहे. पायदळाला त्यांच्याबरोबर पळवू नका. घरचा किल्ला शत्रूने घेतला की खेळ संपतो, म्हणून आर्डेनसारख्या संथ माणसाला दारात ठेवणं हे चांगलं काम आहे. बाकीच्या पायदळाला नायक सिगुर्डच्या तुकडीमागे दुसरी फळी म्हणून चालवा. लेग रिंग ही अंगठी मिळाली की चालीत ३ घरांची भर पडते. ती स्वाराला न देता पायी चालणाऱ्या चांगल्या लढवय्याला द्या.

पैसे ज्याचे त्याच्याकडे राहतात आणि वस्तू हातोहात देता येत नाहीत. वाट एकच : एकाने किल्ल्यातल्या दुकानात वस्तू निम्म्या किमतीला विकायची आणि दुसऱ्याने ती पूर्ण किमतीला घ्यायची. म्हणून महागडी अंगठी कोणाकडे जाणार हे आधी ठरवा, आणि त्याच माणसाला गाव वाचवायला आणि आखाड्यात पाठवा. ड्यू चोर असल्याने आपल्याकडचे पैसे इतरांना देऊ शकतो, आणि प्रेम जुळलेली जोडपीही एकमेकांना देतात. आखाड्याची भीती इथे सोडा. हरलात तर एचपी १ उरतो, जीव जात नाही. प्रत्येक चॅप्टरमध्ये सगळ्यांना सातही प्रतिस्पर्ध्यांशी लढवून बघा. अनुभव आणि पैसा दोन्ही मिळतात.

वजनाचा नियम इथेही पहिल्या भागासारखाच कडक आहे, पण त्यावर एक अट चढली आहे. वेग कितीही जास्त असला तरी ‘पर्सूट’ हे कौशल्य नसेल तर दुसरा वार मिळत नाही. सिगुर्ड आणि अ‍ॅलेककडे ते आहे, नॉइश आणि लेक्सकडे नाही. नॉइश इतका चपळ असून एकदाच का मारतो, याचं उत्तर हेच. पर्सूट रिंग ही उणीव भरते. दुसऱ्या चॅप्टरमध्ये ती आर्डेनला समुद्राकाठच्या एका टोकाला जाऊन मिळते, तेवढ्यापुरता त्याला दारातून सोडा. लेक्ससाठी पहिल्या चॅप्टरमध्येच सोय आहे. साधी लोखंडी कुऱ्हाड जवळ ठेवून त्याला पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर थांबवा. त्या बदल्यात ब्रेव्ह अ‍ॅक्स ही चांगली कुऱ्हाड मिळते. लोखंडी कुऱ्हाड आधीच विकली तर ही संधी गेली.

त्रिकोण नेमात २० टक्क्यांचा फरक करतो. सुरुवातीचे शत्रू बहुतांश कुऱ्हाडवाले, म्हणून तलवारी भारी पडतात. पुढे भालेवाले वाढले की तेच तलवारवाले अडखळतात. एखादं हत्यार एकाच माणसाकडे ठेवा : ५० बळींनंतर त्याला क्रिटिकल, म्हणजे जबर वार, मिळायला लागतं आणि दुरुस्ती केली तरी तो आकडा टिकतो.

पाचव्या चॅप्टरच्या आत जोड्या जुळवा. पुढची पिढी त्यांचीच मुलं. आई अविवाहित राहिली तर मुलांच्या जागी वेगळी, वारसा नसलेली पात्रं येतात. जुळवायचं दोघांना शेजारच्या घरांत ठेवून, सलग फेऱ्या. लेविनची पत्नी विचार करून ठरवा, कारण त्याचं फोर्सेटी त्याच्या मुलाकडे जातं आणि दुसऱ्या पिढीतलं ते सर्वांत घातक हत्यारांपैकी एक आहे.

प्रश्न : पाचव्या भागात, म्हणजे ‘थ्रेसिया ७७६’मध्ये, पैसा नाही, हत्यारं संपतात आणि चांगली माणसं पुढच्या चॅप्टरला घेताच येत नाहीत.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हत्यारं शत्रूकडून काढून घ्यायची. ‘कॅप्चर’ने वार करताना तुमच्या माणसाचे लढाईचे आकडे निम्मे होतात आणि त्याची बांधणी (अंगकाठीचा आकडा) शत्रूपेक्षा मोठी लागते. म्हणून आधी हलक्या हत्याराने शत्रूला शेवटच्या वारापर्यंत आणा, मग पकडा, सामान काढा आणि सोडून द्या. पकडलेल्याला घेऊन फिरतानाही आकडे निम्मेच असतात, तेव्हा शत्रूची फेरी येण्याआधी त्याला सोडा. नि:शस्त्र शत्रूला पकडायला झुंज लागत नाही.

माणसं अडतात ती थकव्यामुळे. लढाईगणिक थकवा चढतो, काठी वापरणाऱ्यांना जास्त. तो कमाल एचपीइतका झाला की पुढचा चॅप्टर बाहेर बसावं लागतं. नायक लीफला थकवा नाही, म्हणून रोजच्या मारामारीचा भार त्याच्यावर टाका. एस ड्रिंक थकवा उतरवतं. ते काठीवाल्यांसाठी राखून ठेवा, कारण झोप आणि वेड लावणाऱ्या काठ्यांचा परिणाम इथे आपोआप उतरत नाही. ‘रिस्टोअर’ची काठी लागतेच.

निसटून जायच्या चॅप्टरमध्ये लीफ सगळ्यात शेवटी बाहेर पडला पाहिजे. तो आधी गेला तर मागे राहिलेले कैद होतात. आणि इथे नेम कधीच १०० टक्के नसतो, जास्तीत जास्त ९९. बॉससमोर एका वारावर सगळं टांगू नका.

प्रश्न : पाचांतला आधी कुठला घ्यावा?
— एक वाचक, दापोली

उत्तर : नवख्याने आधी ‘शॅडो ड्रॅगन’, म्हणजे पहिल्या भागाची २००८ ची डीएस आवृत्ती घ्यावी. तिच्यात त्रिकोण आहे आणि नकाशावर सेव्ह करायची घरं आहेत, मात्र एक घर एकदाच चालतं. तिथले जादा चॅप्टर सैन्यात १५ किंवा कमी माणसं उरली असतील तरच उघडतात, तेव्हा सगळे जगवलेत आणि ते दिसले नाहीत तर घाबरू नका. ‘गायडेन’साठी २०१७ ची थ्रीडीएस आवृत्ती ‘शॅडोज ऑफ व्हॅलेन्शिया’. तिच्यात मागच्या चाली परत घ्यायची सोय आहे. त्यानंतर चौथा भाग मूळ रूपातच खेळा. ‘थ्रेसिया’ त्याच्या आधी घेऊ नका. लीफ कोण आणि तो पळतोय कशापासून, हे चौथ्या भागातच कळतं.